डब्यावरचं नाव

"डब्यात काही ठेवलं नाही, तरी डबा रिकामा नसतो," पिंजारी सर म्हणाले. "बघा आता."

माझ्या मशीनवर वाकून त्यांनी दोन ओळी टाइप केल्या. निळा पडदा, पिवळी अक्षरं. पहिल्या ओळीत int a. एवढंच, आणि दुसरीत ते a पडद्यावर छापायची सूचना. a मध्ये किती ठेवायचं ते त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. प्रोग्रॅम चालवला, तर आठशे एकसष्ट उमटले.

"हे कुणी ठेवलं?" माझ्या शेजारच्या हर्षदानं विचारलं. ती कॉलेजात बी.एस्सी. करत होती आणि तिला प्रत्येक गोष्ट विचारायची सवय होती.

"आपण नाही ठेवलं. मेमरीत त्या जागेवर आधी दुसरं काहीतरी चालू होतं, त्याचं हे उरलेलं. कचराच म्हणा. म्हणून आत्तापासून सवय लावा, नाव दिलं की लगेच त्यात आपली किंमत ठेवायची. नाहीतर आधीच्याचं तुमच्या नावावर..."

बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडून ते फळ्याकडे वळले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल.

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. अमळनेरला बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानावर तो क्लास होता. मशीनं थोडी आणि पंखा एकच. शिकवायला पिंजारी सर, तिशीचे, हळू आवाजाचे. मी लग्न होऊन अमळनेरला आले त्याला तीन महिने झाले होते. यजमान गिरीश अमृतकर, त्यांचं चष्म्याचं दुकान क्लासपासून हाकेच्या अंतरावर. मी सटाण्याची. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. गिरीश बिजवर होते, हे मामांनी सांगितलं होतं. "पहिली आजारानं गेली, पोरबाळ नाही, दुकान चांगलं, माणूस शब्दानं दुखवणार नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा गिरीशनी जराही विचार न करता "मृदुला" लिहिलं. त्यांच्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मला ते नाव आवडलं होतं. शैला या माझ्या नावापेक्षा ते किती मऊ, असं वाटलं होतं.

क्लासला घालायची कल्पनाही त्यांचीच. एके दिवशी जेवताना म्हणाले, "तुला कॉम्प्युटर शिकायचा होता ना? गावात क्लास आहे."

"मी कधी म्हटलं?"

"शिकायचा होता," ते हसून म्हणाले आणि ताटातलं कारलं माझ्याकडे सरकवलं. "घे. तुला आवडायचं."

कारलं मला आयुष्यात कधी आवडलं नव्हतं. तसं मी सांगितलंही. ते म्हणाले, "आवडेल परत." त्या 'परत'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही. चांगल्या घरी पडलेल्या मुलीनं अशा बारीकसारीक गोष्टींचा बाऊ करू नये, एवढं मामींनी शिकवलं होतं. मी कारलं खाल्लं.

पहिल्या दिवशी ते स्वतः क्लासला सोडायला आले. सर माझं नाव लिहून घेत होते. "मृदुला गिरीश अमृतकर," मी म्हटलं, तशी सरांची लेखणी थांबली. त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे न बघता माझ्या यजमानांकडे बघितलं.

"हिला खिडकीजवळचं मशीन द्या," गिरीश म्हणाले. "तिथं उजेड बरा येतो."

सरांनी नाव लिहून पुरं केलं आणि ते म्हणाले, "बसा."

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना सगळे जीजी म्हणत. जीजी मोलकरणीशी, भाजीवालीशी, शेजारणीशी, अगदी देवाशीसुद्धा अहिराणीत बोलायच्या. फक्त माझ्याशी पुस्तकी मराठीत. मी सटाण्याची, अहिराणी माझ्या तोंडची भाषा. एकदा निवडत बसलो असताना मी म्हटलं, "जीजी, माले येस ना अहिराणी!" त्यांनी सुपातून वर पाहिलं, प्रेमानं हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुला कुठून येणार, बाळ? तू वाईची."

"वाईची? मी सटाण्याची, जीजी."

"हो हो," त्या म्हणाल्या आणि परत निवडायला लागल्या. म्हातारपण, मी मनात म्हटलं.

चष्म्याचं मात्र मला कळत नव्हतं. लग्नानंतर लगेचच गिरीशनी मला दुकानात नेऊन डोळे तपासले होते. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ मी घडाघडा वाचली. तरी ते म्हणाले, "नंबर आहे. उणे अडीच, दोन्ही डोळ्यांना."

"पण मला दिसतंय सगळं."

"तसं वाटतं. चष्मा लागेपर्यंत माणसाला कळतच नाही, आपल्याला काय दिसत नव्हतं ते."

भिंगं घासून यायला आठवडा लागतो असं गिऱ्हाइकांना सांगताना मी त्यांना ऐकलं होतं. माझा चष्मा त्यांनी खणातून तयारच काढला. तपकिरी काड्यांचा, थोडा वापरलेला वाटावा असा. त्यांनी तो स्वतःच्या हातानं माझ्या कानांवर बसवला, दोन पावलं मागे सरले आणि बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. कुणी माझ्याकडे बघून असं कधी हेलावलं नव्हतं. मी चष्मा काढला नाही.

त्या चष्म्यातून सगळं जग लहान आणि लांब दिसायचं. जिन्याची पायरी असते त्याहून खाली वाटायची. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. "सवय होईल," ते म्हणायचे, आणि रात्री झोपताना माझ्या कपाळाला बाम लावून द्यायचे. वाईट माणूस असता तर मला लवकर कळलं असतं.

क्लासमध्ये मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवायला लागले. पडद्यावरची अक्षरं त्याशिवाय किती स्वच्छ दिसत. आम्ही बेरीज-वजाबाकी शिकत होतो. a मध्ये एक संख्या, b मध्ये दुसरी, दोघांची बेरीज c मध्ये. मला ते फार आवडलं. नाव आपण ठेवायचं, किंमत आपण द्यायची, आणि यंत्र कुरकुर न करता ऐकायचं. सर म्हणाले, a, b अशी नावं कशाला, काहीतरी अर्थाची द्या. मी chashma असं नाव दिलं आणि त्यात उणे अडीच ठेवले. चालवलं तर पडद्यावर उणे दोन.

"सर, माझा अर्धा कुठं गेला?"

ते येऊन बघू लागले. "int लिहिलंत ना. त्या डब्यात पूर्ण संख्याच मावते, पॉइंटच्या पुढचं तो टाकून देतो. float करा." मी केलं, आणि उणे अडीच नीट उमटले, पुढे शून्यांची शेपटी लावून. "पण हे उणे अडीच काय?"

"माझा नंबर. चष्म्याचा."

सर स्वतः चष्मा लावायचे. त्यांनी माझ्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे बोट केलं. "समोर रस्त्यापलीकडे ती सायकलच्या दुकानाची पाटी आहे. काय लिहिलंय?"

मी वाचलं. मालकाचं नाव वाचलं. त्याखाली बारीक अक्षरांत रंगवणाऱ्या पेंटरचं नाव होतं, तेही वाचलं.

"उणे अडीचवाल्याला ती पाटी आहे एवढंच दिसतं," सर म्हणाले. "माझा पावणेतीन आहे, मला ठाऊक आहे." मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुम्हाला हा नंबर दिला कुणी?"

मी यजमानांचं नाव सांगितलं. सर तसेच दुसऱ्या मशीनकडे निघून गेले.

त्यानंतरच्या तासाला त्यांनी किंमत बदलायची कशी ते शिकवलं. आधी a मध्ये पाच, मग त्याच a मध्ये नऊ. छापलं तर नऊ.

"आणि पाच?" हर्षदा म्हणाली. "पाच कुठं गेले, सर?"

"गेले. एका डब्यात एका वेळी एकच मावतं. डब्यावरचं नाव तेच राहतं, आतलं बदलतं. नाव घेणाऱ्याला आधी आत काय होतं याच्याशी..."

याही वेळी ते मध्येच थांबले. खडू हातात तसाच. आणि याही वेळी माझ्याकडे बघून.

तास संपला. हर्षदा गेली, बाकीचे गेले. मी उठले नाही.

"सर, माझं नाव घेतलं की तुम्ही असे का बघता?"

"घरी विचारा, ताई."

"घरी मला सगळे चांगलं वागवतात," मी म्हटलं. "इतकं चांगलं, की विचारायचं काय तेच मला कळत नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी जिन्याच्या दारातून खाली एकदा पाहून घेतलं. मग स्टूल ओढून लांबच बसले.

"दोन वर्षांमागे या मशीनवर एक बाई बसायच्या. त्यांचंही नाव मृदुला गिरीश अमृतकर."

म्हणजे पहिलीचं नाव मला दिलं होतं. मला राग आला, आणि थोडी लाजही वाटली. पण भीती वाटली नाही. बायको गेली, माणूस वेडा झाला, तेच नाव ठेवलं. समजण्यासारखं होतं.

"त्या कशानं गेल्या, सर?"

"गेल्या नाहीत," सर म्हणाले. "त्या आहेत. धुळ्याला, माहेरी."

मला कळेना.

"त्यांचं खरं नाव नलिनी. मृदुला त्यांच्याही आधीची. ती वारली, फार वर्षं झाली. या दुसऱ्या. बेरजेपर्यंत आल्या, आणि एक दिवस बॅग घेऊनच क्लासला आल्या. एस.टी. स्टँडला निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, 'सर, माझ्यानंतर एक येईल. नाव हेच असेल, चष्मा हाच असेल, आणि ते तिला या खिडकीजवळच बसवतील. तिला सांगा, आणि माझा देवपुरातला पत्ता द्या.' मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मग तुम्ही आलात. आणि साहेब म्हणाले, खिडकीजवळचं मशीन द्या."

"तरी तुम्ही बोलला नाहीत?"

"मी बाहेरचा माणूस, ताई. नुसत्या एका शब्दावर तुमचं घर मोडायचं कसं? रोज बोलू म्हणायचो आणि फळ्यापाशी येऊन शब्द अडकायचा."

मी घरी गेले. भर दुपार होती, रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. चष्मा पर्समध्येच होता. जीजी मागच्या पडवीत शेवया वळत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि सरळ विचारलं.

"जीजी, माझ्याआधी किती?"

त्यांचा हात थांबला नाही. बोटांमधून शेवई लांबत राहिली.

"दोन," त्या म्हणाल्या. "पहिली खरी. कावीळ झाली, लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेली. गिरीशनं तेव्हा तीन दिवस दुकान उघडलं नव्हतं, चौथ्या दिवशी उघडलं आणि माझ्याशी असा बोलायला लागला, जशी ती आत बसली आहे. मी आई. मी काय करू? मीही बोलायला लागले."

"आणि दुसरी?"

"तिला जमलं नाही. भांडखोर होती. सारखी म्हणायची, मी नाही, मी नाही." त्यांनी शेवई दोरीवर अलगद टाकली आणि माझ्या गालावरून पिठाचा हात फिरवला. "तू शांत आहेस. कारलं खायला लागलीस. परवा देवापाशी बसलीस ना, मला मागून क्षणभर वाटलंच. तू होशील, बाळ. आणखी थोडे दिवस."

खरी भीती मला तेव्हा वाटली, आणि ती त्यांची नव्हती. परवा देवापाशी बसताना मी पदर डाव्या खांद्यावरून पुढे घेऊन गुडघ्याखाली दाबला होता. तसं मी सटाण्याला कधी बसत नव्हते. ते मला कुणी शिकवलंही नव्हतं. ते कुठून आलं होतं?

गिरीश जेवायला घरी आले. मला चष्म्याशिवाय बघून दारातच थबकले.

"चष्मा कुठंय?"

"मला नको. माझे डोळे चांगले आहेत. तुम्हाला माहीत आहे, चांगले आहेत."

ते खुर्चीवर बसले. रागावले असते तर मला बळ आलं असतं. ते अगदी थकल्यासारखे दिसले.

"ती गिऱ्हाईक म्हणून आली होती," ते म्हणाले. "वाईहून मावशीकडे आलेली. कुणी तिला चष्मा कधी केलाच नव्हता. मी नवीनच दुकान टाकलेलं. चष्मा लावला आणि दारात उभी राहून ओरडली, 'अहो, झाडाला पानं सुटी सुटी दिसतात!' सगळा बाजार बघायला लागला." त्यांनी मान वर केली. "मी तुला काही त्रास दिला का? कधी आवाज चढवला?"

"नाही."

"मग?"

"माझं नाव शैला आहे. एकदा म्हणा."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. हे मला सांगायला हवं, कारण पुढे पुष्कळांनी मला विचारलं, तो माणूस ढोंगी होता का? नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले. कपाळावर घाम आला. शाळेत उत्तर न येणाऱ्या पोराचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. आणि खूप वेळानं, खूप मायेनं ते म्हणाले, "मृदुला."

आतून जीजींनी तिच्या वतीनं ओ दिल्यासारखा आवाज केला. आणि मी... माझ्याही तोंडून "अं?" निघालं. मी त्या नावाला ओ दिली. विचार करायच्या आत दिली.

त्याच कपड्यांनिशी मी घराबाहेर पडले. ते मागे आले नाहीत. धुळ्याची गाडी स्टँडला लागलेली होती. सरांनी सांगितलेला पत्ता शोधत देवपुरात पोचले तेव्हा दिवे लागले होते. दार उघडणाऱ्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही विचारलं नाही, आणि बाजूला होऊन आत घेतलं.

नलिनीनं मला आधार दिला. मामांनी आधी आदळआपट केली, मग गप्प झाले. कोर्टाचं निस्तरायला दीड वर्ष गेलं. गिरीशनी एकदाही आडकाठी केली नाही, कागदांवर सह्या देत गेले. मी धुळ्यातच एका क्लासला नाव घातलं, बेरजेपासून पुन्हा सुरुवात केली आणि पुढे तेच शिकवायला लागले. नलिनी एका शाळेच्या वाचनालयात होती. आम्ही एका खोलीत राहायचो. अमळनेरचा विषय काढायचो नाही.

मग चारेक वर्षांनी कानावर आलं की अमृतकर पुन्हा लग्न करतायत. मुलगी चोपड्याची. नलिनी म्हणाली, "माझ्यानंतर तू अडकलीस. आता हिला तरी वेळेवर सांगू." रविवार बघून आम्ही गेलो.

मुलगी म्हणायची, पण पस्तिशीची होती. भावाच्या घरी राहायची. भाऊ-भावजय बाहेर गेलेले. तिनं आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी आणलं. आम्ही कोण ते सांगितलं. जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती खांबाला टेकून ऐकत होती.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः सांगितलं सगळं. तुमच्या दोघींचंही."

"आणि तरी?" नलिनी म्हणाली. "अहो, ते तुमचं नाव पुसून टाकतील."

ती हसली. कडवट नव्हतं ते हसू. "ताई, या घरात भाऊ मला 'ए' म्हणतो. वहिनी 'ऐकलं का' म्हणते. आई गेल्यापासून माझं नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही. त्यांनी परवा जाताना फाटकातून 'मृदुला' म्हणून हाक मारली. किती हळू मारली."

नलिनी उठायला लागली, तशी ती पटकन पुढे आली आणि पायरीवर आमच्या पायांशी बसली.

"ती कशी होती हो? तुम्हाला माहीत असेल ना, तुम्ही राहिलात तिथं. मला नीट शिकून घ्यायचंय."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नाही म्हणून निघून यायला हवं होतं. पण नलिनी परत बसली, आणि हळूहळू बोलायला लागली. ती चहात साखर कमी घ्यायची. हसताना तोंडावर बोटं ठेवायची. दार लावताना आधी एकदा बाहेर बघायची. नलिनीला आठवायचं नाही तिथं मी सांगत होते, आणि सांगता सांगता मला कळत होतं, यातलं निम्मं आम्हाला त्या घरात कुणी सांगितलेलंच नाही. ती मुलगी ओठ हलवत मनात घोकत होती.

"आणि अबोली माळायची," मी म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली. "कुठल्या बाजूला?"

"डाव्या," आम्ही दोघी एकदम म्हणालो.